आत्मपर लघुपट

आत्मपर लघुपट म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःच्या किंवा आपल्या निकटवर्तीयांच्या आयुष्यातील अनुभव, स्मृती, नातेसंबंध अथवा परिसर यांच्या आधारे घडवलेला अल्प लांबीचा चित्रपट होय. तो कथात्म, माहितीपटात्मक, प्रयोगशील किंवा सचेतनपट (ॲनिमेशन) अशा कोणत्याही रूपात असू शकतो. मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पाठबळाशिवाय काम करणारे स्वतंत्र दिग्दर्शक आणि चित्रपटशिक्षण संस्थांतील विद्यार्थी यांच्याकडून हा प्रकार विशेषत्वाने हाताळला गेला आहे. अनेक दिग्दर्शकांची पहिली किंवा सुरुवातीची कृती याच प्रकारात मोडते.

आत्मपर लघुपटाचे बीज बहुधा संपूर्ण जीवनकथेत नसून एखाद्या लहान गोष्टीत असते. ती गोष्ट म्हणजे एखादे छायाचित्र, घरातील वस्तू, कोणी सांगितलेली आठवण, सोडून गेलेली व्यक्ती किंवा राहते घर असू शकते. या प्रकारातील अनेक महत्त्वाच्या कृतींच्या मुळाशी दिग्दर्शकाला नेमके आठवणारे काही नसून, न आठवणारे किंवा घरात कधीच न बोलले गेलेले काही असते. त्यामुळे हे लघुपट आत्मचरित्रापेक्षा शोधाच्या अधिक जवळ जातात.

व्याख्या आणि व्याप्ती

लघुपटाच्या लांबीविषयी सर्वमान्य मर्यादा नाही. अमेरिकेतील अकादमी पुरस्कारांच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटे किंवा त्याहून कमी लांबीचा चित्रपट लघुपट मानला जातो. अन्य महोत्सवांचे निकष वेगवेगळे आहेत. आत्मपर चित्रपटांच्या परंपरेत ४० ते ६० मिनिटांच्या काही कृतींचाही समावेश लघुपटांबरोबरच केला जातो.

'आत्मपर' आणि 'आत्मचरित्रात्मक' या संज्ञा एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी समानार्थी नाहीत. आत्मचरित्रात्मक कृतीत दिग्दर्शकाच्या आयुष्यातील घटना ओळखता येतात. आत्मपर कृतीत घटना कल्पित असू शकतात; मात्र तिच्यातील परिसर, बोली, भावनिक ताण किंवा नात्यांचे स्वरूप दिग्दर्शकाच्या अनुभवातून आलेले असते. साहित्यातील आत्मकथन, रोजनिशी, पत्र आणि ललित निबंध या प्रकारांशी तिचे नाते आहे.

इतिहास

पूर्वपीठिका

घरगुती चित्रणाची साधने उपलब्ध होण्याशी या प्रकाराचा इतिहास जोडलेला आहे. १९२३ मध्ये कोडॅक कंपनीने १६ मिमी फिल्म बाजारात आणली आणि १९३२ मध्ये ८ मिमी फिल्म आणली. व्यावसायिक चित्रपटांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५ मिमी फिल्मच्या तुलनेत ही साधने स्वस्त, हलकी आणि एकट्याने हाताळता येण्याजोगी होती. वाढदिवस, सहली, लग्ने यांच्या चित्रणासाठी तयार झालेला कॅमेरा काही कलावंतांनी निराळ्या हेतूने वापरला.

माया डेरेन आणि तिचा पती अलेक्झांडर हॅमिड यांनी १९४३ मध्ये 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' हा सुमारे १४ मिनिटांचा लघुपट लॉस एंजेलिस येथील स्वतःच्या घरात चित्रित केला. त्यातील प्रमुख भूमिका या दोघांनीच केल्या. किल्ली, सुरी, जिना, आरसा, दूरध्वनी अशा घरातील वस्तूंतून त्यात एका स्त्रीचे स्वप्नसदृश मनोविश्व उभे राहते. चित्रपटगृहांच्या व्यवस्थेबाहेर राहून, घरातल्या घरात आणि अत्यल्प खर्चात गंभीर चित्रपट घडवता येतो, याचा दाखला म्हणून या कृतीकडे पाहिले जाते.

लिथुएनियात जन्मलेले योनास मेकस १९४९ मध्ये निर्वासित म्हणून न्यू यॉर्कला आले. तेथे पोहोचल्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी उसनवारीने बोलेक्स कॅमेरा घेतला आणि भोवतालच्या जीवनाचे चित्रण सुरू केले. दीर्घकाळ साठवलेल्या या तुकड्यांतून त्यांनी पुढे 'रोजनिशीपट' ही शैली रूढ केली. स्टॅन ब्रॅकेज यांनी 'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग' (१९५९) या मूकपटात आपल्या पहिल्या अपत्याचा जन्म चित्रित केला. त्यातील काही दृश्ये त्यांच्या पत्नीने कॅमेरा हाती घेऊन टिपली आहेत. त्यामुळे पाहणारा आणि पाहिला जाणारा या भूमिका तेथे बदलतात.

युरोप

फ्रान्समध्ये अलेक्सांद्र आस्त्रुक यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या लेखात कॅमेरा हा लेखणीसारखा वापरला जाईल, अशी कल्पना मांडली. फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९५७ मध्ये भविष्यातील चित्रपट हा कबुलीजबाबासारखा किंवा रोजनिशीसारखा व्यक्तिगत असेल, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास आन्येस वार्दा यांनी 'ओपेरा-मूफ' (१९५८) हा लघुपट केला. गर्भवती असताना त्यांनी पॅरिसमधील मूफतार रस्त्यावरील बाजाराचे चित्रण केले होते. भाजीचे ढीग, वृद्ध, मद्यपी आणि गर्दी यांकडे पाहणारी नजर एका गर्भवती स्त्रीची असल्यामुळे, वरकरणी रस्त्याचा माहितीपट असलेली ही कृती आत्मपर ठरते.

बेल्जियममध्ये शांताल आकेरमान यांनी वयाच्या १८ व्या वर्षी 'सोत मा व्हील' (१९६८) हा १३ मिनिटांचा लघुपट केला. एका स्वयंपाकघरात घडणाऱ्या या कृतीत एकमेव भूमिका त्यांचीच आहे. झाडलोट, स्वयंपाक, बूट पुसणे ही नित्याची कामे हळूहळू विध्वंसक होत जातात. घरकामाकडे पाहण्याची ही दृष्टी त्यांच्या पुढील दीर्घ चित्रपटांतही आढळते.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या निर्मिती मंडळाने दिलेल्या लहान अनुदानांतून बिल डग्लस यांची चित्रत्रयी आणि टेरेन्स डेव्हिस यांच्या चित्रत्रयीतील पहिला लघुपट साकारला. डग्लस यांच्या 'माय चाइल्डहूड' (१९७२), 'माय एन फोक' (१९७३) आणि 'माय वे होम' (१९७८) या चित्रपटांत स्कॉटलंडमधील न्यूक्रेगहॉल या खाणकामगारांच्या गावातील त्यांचे दारिद्र्यातले बालपण येते. डेव्हिस यांच्या त्रयीची सुरुवात 'चिल्ड्रेन' (१९७६) या लघुपटाने झाली. तिला लिव्हरपूलमधील कॅथलिक कामगारवर्गीय कुटुंबात गेलेल्या त्यांच्या बालपणाची पार्श्वभूमी आहे.

व्हिडिओ आणि डिजिटल काळ

१९६५ मध्ये आलेली सुपर ८ फिल्म, १९६७ मधील सोनीचा वाहून नेता येणारा व्हिडिओ संच आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर आलेला डिजिटल व्हिडिओ यांमुळे निर्मितीचा खर्च टप्प्याटप्प्याने घटला. फिल्म वापरताना प्रत्येक मिनिटाचा खर्च मोजावा लागत असे. व्हिडिओमुळे आई-वडिलांशी तासन्‌तास संवाद ध्वनिचित्रित करणे आणि त्यातून हवा तो भाग निवडणे शक्य झाले. २००८ नंतर स्थिरचित्रणाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर उच्च दर्जाचे चलच्चित्रण होऊ लागले आणि पुढे मोबाईल फोनही निर्मितीचे साधन बनला. परिणामी पूर्वी केवळ विषय म्हणून चित्रपटांत दिसणाऱ्या समाजगटांतील व्यक्तींना स्वतः दिग्दर्शक होण्याची वाट काही प्रमाणात खुली झाली.

प्रेरणास्रोत

बालपण

बालपण हा या प्रकारातील सर्वाधिक आढळणारा स्रोत आहे. लघुपटाच्या मर्यादित अवधीत एक दिवस, एक प्रसंग किंवा एक अपमान पुरेसा ठरतो आणि मुलाच्या मर्यादित आकलनामुळे फार काही स्पष्ट न करता कथा सांगता येते. स्कॉटिश दिग्दर्शिका लिन रॅमसे यांच्या 'स्मॉल डेथ्स' (१९९६) या लघुपटात एका मुलीच्या वाढत्या वयातील तीन लहान प्रसंग आहेत, तर 'गॅसमन' (१९९८) मध्ये वडिलांबरोबर नाताळच्या मेजवानीला निघालेल्या मुलीला त्यांच्या दुसऱ्या कुटुंबाचा उलगडा होतो. दोन्ही लघुपटांत मोठ्यांचे जग मुलांच्या उंचीवरून आणि अर्धवट दिसते.

अनुपस्थित व्यक्ती

घरातून निघून गेलेली, मृत झालेली किंवा जिच्याविषयी बोलणे टाळले जाते अशी व्यक्ती अनेक लघुपटांच्या केंद्रस्थानी असते. जपानी दिग्दर्शिका नाओमी कावासे यांनी 'एम्ब्रेसिंग' (१९९२) या सुमारे ४० मिनिटांच्या चित्रपटात, लहानपणीच दुरावलेल्या वडिलांचा शोध घेतला. कुटुंबनोंदणीच्या कागदपत्रांत आढळलेल्या पत्त्यांचा माग काढत त्या एकेका ठिकाणी जातात. त्यानंतरच्या 'कातात्सुमोरी' (१९९४) मध्ये त्यांनी आपले पालनपोषण करणाऱ्या वृद्ध आप्त स्त्रीचे दैनंदिन जीवन, तिची भाजीची बाग आणि तिचे हात जवळून टिपले. पहिल्या चित्रपटाचा विषय न मिळालेले नाते आहे आणि दुसऱ्याचा विषय मिळालेले नाते आहे.

अमेरिकन सचेतनपटकार जॉन केनमेकर यांच्या 'द मून अँड द सन: ॲन इमॅजिन्ड कॉन्व्हर्सेशन' (२००५) या २८ मिनिटांच्या सचेतनपटात मृत वडिलांशी कल्पित संवाद आहे. वडिलांच्या हयातीत न झालेले बोलणे हाच त्याचा आशय आहे. या कृतीस सर्वोत्कृष्ट सचेतन लघुपटाचा अकादमी पुरस्कार मिळाला.

छायाचित्रे आणि वस्तू

जुने छायाचित्र हे स्मृतीचा पुरावा मानले जाते. परंतु ते पाहूनही काही न आठवणे ही बाबही प्रेरक ठरते. आन्येस वार्दा यांच्या 'युलीस' (१९८२) या लघुपटाचा आधार त्यांनी स्वतः १९५४ मध्ये समुद्रकिनारी काढलेले एक छायाचित्र आहे. त्यात एक विवस्त्र पुरुष, एक लहान मुलगा आणि एक मेलेली शेळी दिसते. सुमारे २८ वर्षांनी वार्दा यांनी छायाचित्रातील मुलाला गाठले, तेव्हा प्रौढ झालेल्या त्या व्यक्तीला तो प्रसंग आठवत नव्हता. छायाचित्र अस्तित्वात आहे, पण आठवण नाही, या विसंगतीवर लघुपट उभा आहे.

रिया ताजिरी यांचा 'हिस्ट्री अँड मेमरी' (१९९१) हा ३२ मिनिटांचा लघुपट दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबल्याच्या घटनेशी संबंधित आहे. ताजिरी यांच्या आईला ॲरिझोनातील पोस्टन येथील छावणीत ठेवण्यात आले होते. मात्र त्या काळाविषयी तिला फारसे आठवत नव्हते. वाळवंटात पाणी भरणाऱ्या आईची एक प्रतिमा दिग्दर्शिकेच्या मनात होती, परंतु तिचे चित्रण कोणाकडेही नव्हते. ताजिरी यांनी ते दृश्य स्वतः रचून चित्रित केले. इतिहासाने न टिपलेला क्षण पुन्हा उभा करणे, हा आत्मपर लघुपटाचा एक हेतू या कृतीतून स्पष्ट होतो.

ऐकीव आठवणी

आधीच्या पिढीकडून ऐकलेल्या गोष्टीही प्रेरणेचा स्रोत ठरतात. नॉर्वेत जन्मलेल्या सचेतनपटकार टोरिल कोवे यांच्या 'माय ग्रँडमदर आयर्न्ड द किंग्ज शर्ट्स' (१९९९) या लघुपटात आजीची आठवण आणि नॉर्वेवरील जर्मन ताब्याचा इतिहास यांचे विनोदी मिश्रण आहे. भारतीय दिग्दर्शक शुभाशिष भुतियानी यांचा 'कुश' (२०१३) हा लघुपट १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर घडतो. सहलीहून परतताना एका शिक्षिकेला वर्गातील एकमेव शीख मुलाला वाचवायचे असते. दिग्दर्शकाने शालेय जीवनात शिक्षकाकडून ऐकलेली हकिकत या कथेच्या मुळाशी आहे. या लघुपटास व्हेनिस चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला.

घर, गाव आणि बोली

स्वतंत्र दिग्दर्शकाकडे स्थळांसाठी भाडे देण्याइतका पैसा नसतो. त्यामुळे स्वतःचे घर, आळी, गाव आणि नातेवाईक हीच उपलब्ध सामग्री असते. ही आर्थिक मर्यादा अनेकदा आशयाचे बलस्थान बनते. ब्रिटिश दिग्दर्शिका अँड्रिया अर्नोल्ड यांनी 'वास्प' (२००३) हा लघुपट आपल्या डार्टफर्ड या गावी चित्रित केला. चार मुलांना एकटीने सांभाळणाऱ्या तरुण आईची ही कथा असून, तिला २००५ मध्ये अकादमी पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रेलियात चित्रपटशिक्षण घेत असताना जेन कँपियन यांनी 'पील' (१९८२) या लघुपटात एका खऱ्या कुटुंबातील व्यक्तींनाच पात्रे म्हणून उभे केले. मोटारीतून फेकलेल्या संत्र्याच्या सालीवरून झालेले भांडण एवढाच त्याचा विषय आहे. या लघुपटास १९८६ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपटाचा पुरस्कार मिळाला.

अनुभवाचे रूपांतर

अनुभव जसाच्या तसा पडद्यावर आणणे क्वचितच घडते. अनुभवाचे चित्रपटात रूपांतर करताना दिग्दर्शकांनी वापरलेल्या काही पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

- कल्पित पात्राची योजना: डग्लस यांनी स्वतःच्या जागी 'जेमी' हे पात्र योजले आणि त्या भूमिकेसाठी बसथांब्यावर भेटलेल्या, अभिनयाचा अनुभव नसलेल्या मुलाची निवड केली. डेव्हिस यांच्या त्रयीतील 'रॉबर्ट टकर' हे पात्र बालपणापासून वार्धक्य आणि मृत्यूपर्यंत जाते. म्हणजेच तरुण दिग्दर्शकाने त्यात स्वतःचा भविष्यकाळही कल्पिला आहे.
- तपशिलात बदल: त्रुफो यांच्या 'आंत्वान ए कोलेत' (१९६२) या सुमारे अर्ध्या तासाच्या चित्रपटात त्यांच्या तरुणपणातील एकतर्फी प्रेमाची कथा आहे. प्रत्यक्षातील ओळख सिनेमातेक या चित्रपटसंग्रहालयाच्या वर्तुळात झाली होती. चित्रपटात ती संगीतसभांत होते. प्रेयसीच्या घरासमोर राहायला जाण्याचा प्रसंग मात्र आयुष्यातून उचललेला आहे.
- तृतीयपुरुषी निवेदन: सू फ्रेडरिक यांच्या 'सिंक ऑर स्विम' (१९९०) या ४८ मिनिटांच्या चित्रपटात वडिलांशी असलेल्या कठीण नात्याचे वर्णन 'मी' ऐवजी 'ती मुलगी' असे केले असून, निवेदनाचा आवाज एका लहान मुलीचा आहे. इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरे उलट्या क्रमाने घेऊन चित्रपटाची प्रकरणे रचली आहेत. या काटेकोर चौकटीमुळे व्यक्तिगत दुःखाला अंतर मिळते.
- एकाच घटनेची निवड: लघुपटाच्या अवधीत अनेक वर्षांचा पट मावत नाही. त्यामुळे दीर्घ अनुभवाचा भार एका दिवसावर, एका वस्तूवर किंवा एका कृतीवर दिला जातो.
- पुराव्यांची जोडणी: पत्रे, घरगुती चित्रफिती, शासकीय कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे संकलनात एकत्र आणली जातात. त्यांतील परस्परविरोध मिटवण्याऐवजी तो प्रेक्षकांसमोर ठेवला जातो.

लेखनाच्या टप्प्यावर रोजनिशी, कुटुंबातील व्यक्तींच्या मुलाखती, जुन्या घराला भेट आणि वस्तूंची यादी या साधनांचा उपयोग होतो. कच्च्या चित्रणाचे आकलन बहुधा संकलनाच्या वेळी होते. मेकस यांच्यासारख्या रोजनिशीपटकारांनी तर अनेक वर्षांपूर्वीच्या चित्रणातून नंतर चित्रपट घडवले. चित्रण करणारी व्यक्ती आणि संकलन करणारी व्यक्ती एकच असली, तरी त्यांच्यामध्ये काळाचे अंतर पडते आणि त्या अंतरातूनच चित्रपटाचा सूर ठरतो.

भारतातील वाटचाल

स्वातंत्र्यानंतर भारतात लघुपट आणि माहितीपटांची निर्मिती मुख्यतः १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या शासकीय संस्थेकडे होती. विकासयोजना, राष्ट्रीय एकात्मता आणि लोकशिक्षण हे तिचे प्रमुख विषय होते. त्या चौकटीत व्यक्तिगत स्वराला फारसा वाव नव्हता. तरीही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही अपवाद घडले. एस. एन. एस. शास्त्री यांच्या 'आय ॲम २०' (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेले तरुण स्वतःविषयी बोलतात, तर 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स' (१९६८) मध्ये लघुपट करणारा दिग्दर्शकच विषय बनतो.

पुणे येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट संस्थेतील (आताची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था) विद्यार्थ्यांचे पदविकापट हे व्यक्तिगत शैलीच्या लघुपटांचे महत्त्वाचे क्षेत्र ठरले. १९९० पासून मुंबईत भरणारा माहितीपट, लघुपट आणि सचेतनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, तसेच २००८ पासून केरळमध्ये भरणारा महोत्सव यांमुळे अशा कृतींना प्रेक्षक मिळू लागले.

मराठी लघुपट

मराठीत आत्मपर लेखनाची परंपरा समृद्ध आहे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' पासून दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांपर्यंत तिचा विस्तार झाला. दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांनी स्वतःचे जगणे स्वतःच्या बोलीत मांडल्यानंतर मराठी साहित्याचे विषय आणि भाषा दोन्ही बदलल्या. चित्रपटात मात्र हे स्थित्यंतर बऱ्याच उशिराने दिसले, कारण लेखनासाठी कागद पुरतो, तर चित्रपटासाठी साधने आणि पैसा लागतो. डिजिटल साधनांच्या प्रसारानंतर लघुपट हा या बदलाचा पहिला टप्पा ठरला.

नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट याचे ठळक उदाहरण आहे. मंजुळे यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर येथे वडार समाजातील कुटुंबात झाला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापन अभ्यासक्रमाचे शिक्षण घेत असताना त्यांनी हा लघुपट केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या, परंतु गरिबी आणि सामाजिक स्थान यांमुळे त्यापासून दूर राहिलेल्या पारधी मुलाची ती कथा आहे. मुख्य भूमिका सूरज पवार या मुलाने केली. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार या लघुपटास मिळाला. पात्र दिग्दर्शकाच्या स्वतःच्या समाजातील नसले, तरी शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहण्याचा अनुभव ओळखीच्या परिसरातून आणि बोलीतून आलेला आहे. पुढे 'फँड्री' (२०१३) या पूर्ण लांबीच्या चित्रपटातही शाळा, जात आणि किशोरवयीन मुलाचा अपमान हे विषय त्यांनी हाताळले.

मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध' (२०१७) या लघुपटात शाळकरी मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितला जातो. शालेय निबंधातील पाऊस आनंददायी असतो. मुलाच्या घरातला पाऊस मात्र छपरातून गळत असतो. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा निबंधाचा साचा आणि गरीब घरातील प्रत्यक्ष पाऊस यांच्यातील अंतर हाच लघुपटाचा आशय आहे. ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार या कृतीसाठी मंजुळे यांना मिळाला. त्यांचा 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रहही प्रसिद्ध असून, कवितेतील प्रतिमांचे संक्षिप्त स्वरूप त्यांच्या लघुपटांतही जाणवते.

घरगुती वस्तूभोवती कथा गुंफण्याची उदाहरणेही मराठीत आढळतात. उमेश कुलकर्णी यांच्या 'गिरणी' या लघुपटात आईने उदरनिर्वाहासाठी घरात आणलेल्या पिठाच्या गिरणीमुळे एका मुलाचे बालपण झाकोळते. दळणाचे डबे पोहोचवणे, अंगावरचे पीठ आणि सवंगड्यांची चेष्टा या साध्या तपशिलांतून निम्न मध्यमवर्गीय घराची ओढाताण दिसते. राज प्रीतम मोरे दिग्दर्शित आणि कैलास वाघमारे लिखित 'खिसा' या लघुपटात ग्रामीण भागातील मुलाने शाळेच्या सदऱ्याला शिवून घेतलेला मोठा खिसा गावातील थोरांना खटकतो. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या लघुपटास कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. हे दोन लघुपट आत्मचरित्रात्मक म्हणून नव्हे, तर परिचित परिसरातील एका वस्तूतून मोठा सामाजिक आशय उभा करण्याच्या पद्धतीमुळे येथे उल्लेखनीय ठरतात.

नैतिक प्रश्न

आत्मपर लघुपटात दिग्दर्शकाची कथा इतरांच्या आयुष्याशिवाय सांगता येत नाही. आई, वडील, भावंडे, जोडीदार किंवा मुले ही पात्रे बनतात. परंतु चित्रपट करण्याचा निर्णय त्यांचा नसतो. त्यामुळे पुढील प्रश्न वारंवार उपस्थित होतात.

- संमती: नातेवाईक प्रेमापोटी किंवा भिडेखातर चित्रणास होकार देतात. महोत्सवात अनोळखी प्रेक्षकांसमोर आणि पुढे महाजालावर ती दृश्ये कायम राहतील, याची कल्पना त्यांना असतेच असे नाही.
- मृत आणि अनुपस्थित व्यक्ती: त्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. केनमेकर यांनी वडिलांना कल्पित संवादात उत्तर देण्याची संधी दिली. तथापि ते उत्तरही मुलानेच लिहिलेले आहे.
- लहान मुले: बालवयात चित्रित झालेल्या व्यक्तीला प्रौढपणी ते चित्रण नकोसे वाटू शकते.
- भावंडांच्या वेगळ्या आठवणी: एकाच घरात वाढलेल्या व्यक्तींना एकच घटना निरनिराळी आठवते. पडद्यावर आलेली आठवण कालांतराने कुटुंबाची अधिकृत आठवण बनण्याचा संभव असतो.
- सामाजिक परिणाम: जात, लैंगिकता, हिंसा किंवा आजार यांविषयीच्या कथनाने गावात राहणाऱ्या कुटुंबीयांना त्रास होऊ शकतो, शहरात किंवा परदेशात असलेल्या दिग्दर्शकाला त्याची झळ तितकी बसत नाही.

या प्रश्नांवर एकच उत्तर नाही. काही दिग्दर्शक पूर्ण झालेला चित्रपट प्रदर्शनापूर्वी कुटुंबीयांना दाखवतात, काही नावे व स्थळे बदलतात, तर काही माहितीपटाऐवजी कल्पित कथेचा मार्ग स्वीकारतात. चित्रण करणारी व्यक्ती स्वतः कॅमेऱ्यासमोर येणे किंवा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणे, हाही ही असमानता कमी करण्याचा एक उपाय आहे.

टीका

आत्मपर लघुपटांवर आत्ममग्नतेचा आक्षेप घेतला जातो. दिग्दर्शकाला महत्त्वाची वाटणारी आठवण प्रेक्षकालाही आपोआप महत्त्वाची वाटेल, हे गृहीतक अनेक लघुपटांना दुबळे करते. खऱ्या अनुभवावर आधारित असणे हा कलात्मक गुण नव्हे, असेही मत मांडले जाते.

दुसरा आक्षेप महोत्सवव्यवस्थेशी संबंधित आहे. वंचित समाजांतून आलेल्या दिग्दर्शकांकडून केवळ दारिद्र्याच्या आणि यातनेच्या कथांची अपेक्षा ठेवली जाते; विनोद, प्रेम किंवा कल्पनारम्यता यांना त्यांच्याबाबतीत दुय्यम मानले जाते. यामुळे व्यक्तिगत दुःखाचे भांडवल होण्याचा धोका निर्माण होतो. दलित आत्मकथनांच्या संदर्भातही यासारखी चर्चा मराठी साहित्यात झाली आहे.

याउलट, ज्यांच्या घरी छायाचित्रांचे संग्रह, पत्रव्यवहार किंवा घरगुती चित्रफिती नाहीत, त्यांच्यासाठी लघुपट हाच पहिला दृश्य दस्तऐवज ठरतो, याकडे या प्रकाराचे समर्थक लक्ष वेधतात. ज्यांचे जुने छायाचित्र उपलब्ध आहे त्यांना स्मृतीच्या अपुरेपणावर चित्रपट करता येतो. ज्यांचे एकही छायाचित्र नाही त्यांना ती स्मृती प्रथम दृश्य करावी लागते. पोस्टनच्या वाळवंटातील आईचे रचलेले दृश्य आणि निबंधाच्या वहीत न मावणारा पाऊस या दोन्हींच्या मुळाशी हीच गरज आहे.

हेही पहा

- लघुपट
- माहितीपट
- प्रायोगिक चित्रपट
- आत्मचरित्र
- दलित साहित्य
- भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था
- राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार